पाण्याच्या नळीचं दुसरं टोक

१

रस्त्याच्या कडेचा लोखंडी कठडा जिथून सुरू होतो त्या जागेला तौफिकच्या कामावर 'तोंड' म्हणत, आणि जिथं संपतो तिला 'शेपूट'. शेपटाला फारसं कुणी विचारत नाही. सगळी काळजी तोंडाची. भरकटलेली गाडी आधी तोंडावर येते, आणि ते तोंड असं बनवलेलं असतं की ते स्वतः चेपत जातं आणि गाडीचा जोर जिरवतं. पण त्यासाठी गाडी चारही चाकं जमिनीला टेकवून यायला हवी. तोंडापुढं चार बोटांचा उंचवटा असला तरी वेगातली गाडी नाक वर करते, मग कठडा तिला अडवत नाही, उडवतो.

म्हणून तोंडापुढची आणि बाजूची जमीन सपाट करायची, मुरूम भरायचा, पाणी मारायचं, रोलरनं दाबायची. चाकणच्या पलीकडं कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर गेले काही महिने तौफिक हेच करत होता. जेसीबी तोच चालवायचा. कासारवाडीतले शेजारी त्याला चिडवत, की माती सारखी करायला काय अक्कल लागते? तौफिक पूर्वी यावर तासभर बोलायचा. हल्ली बोलत नसे. त्याची मुलगी आरफा गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लागली होती आणि तिची जनरल शिफ्टची बस रोज सकाळी याच रस्त्यानं जायची. डाव्या खिडकीतून ती हात हलवायची. तेव्हापासून प्रत्येक तोंड त्याला आपल्या घराच्या उंबरठ्यासारखं वाटायला लागलं होतं. बापाच्या जिवाला घोर, दुसरं काय.

त्याच्या जोडीला सोपानराव असत. जुन्या गावातलं शेतकरी घर. रान कंपन्यांत गेलं, पोरांनी गाड्या घेतल्या, गाळे बांधले. पण या माणसाला घरी बसवेना, म्हणून ठेकेदाराकडं मुकादमी करत होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. चकाकणारं जाकीट घाला म्हणून सगळे सांगून थकले. तौफिकचं नारंगी जाकीट खांद्यावर फाटलं, तेव्हा घरात नारंगी दोरा नव्हता म्हणून त्याच्या बायकोनं, साबियानं, ते हिरव्या दोऱ्यानं शिवलं. सोपानरावांनी त्यावरून त्याला महिनाभर पोपट म्हणून घेतलं.

मोठी मापं प्राजक्ता मॅडम यंत्रावर घ्यायच्या. त्या इंजिनीअर. पण एकेका तोंडापुरती ही दोघं जुनीच तऱ्हा वापरत. एक लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक वर रस्त्याकडच्या खुंटीपाशी, दुसरं खाली उताराच्या खुंटीपाशी. मध्ये झाडी असो नाहीतर मातीचा ढीग, पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला उभं राहतं. खालच्या खुंटीवर पक्की खूण असते. खालच्या माणसानं नळी वरखाली करत पाणी त्या खुणेला आणायचं आणि आवाज द्यायचा. मग वरच्यानं आपल्याकडं पाणी जिथं उभं असेल तिथं रेघ मारायची. त्या रेघेपर्यंत मुरूम.

"माणूस खोटं बोलंल," सोपानराव म्हणत, "पाणी न्हाई बोलणार."

वरून तौफिक विचारायचा, "पाणी?" आणि खालून सोपानराव म्हणायचे, "हाय." म्हणजे आहे, खुणेला आलंय.

आता तौफिकच्या घरची बोली हिंदीकडची. त्याच्या घरात 'हाय' हा शब्द फक्त दुखलं-खुपलं की तोंडातून निघायचा. कामाच्या पहिल्याच आठवड्यात झाडीमागून "हाय" असं ऐकू आलं तसा तो नळी टाकून धावत सुटला होता, म्हाताऱ्याला साप चावला की काय म्हणून. नळीतलं पाणी सांडलं, आणि सोपानराव खुंटीशी उकिडवे बसून त्याच्याकडं बघत राहिले. ही गोष्ट त्यांनी अख्ख्या गावाला सांगितली. तेव्हापासून तौफिकनं कानाला सवय लावून घेतली. इथं 'हाय' म्हणजे सगळं ठीक. रेघ मार आणि पुढं चल.

२

रस्त्याखालच्या मोरीच्या अलीकडचं तोंड जरा अवघड होतं. तिथं रस्ता उतरत उतरत डावीकडं वळतो, आणि कडेची जमीन घाणेरीच्या झुडपांत खाली जाते. खालची खुंटी त्या झुडपांच्या पलीकडं ठोकलेली. वर उभं राहिलं की खालचा माणूस अजिबात दिसत नाही.

सकाळी नळी लावून झाली आणि तौफिक जेसीबीत डिझेल भरायला गेला. परत आला तेव्हा वरचं टोक खुंटीला तारेनं अडकवलेलं होतं, जसं तो ठेवून गेला होता तसंच. त्यानं ते हातात घेतलं. नळीतलं पाणी हलत होतं.

पाणी थोडंफार हलतंच. पण सोपानरावांचा हात पक्का. ते नळी खुंटीला टेकवून धरत, त्यामुळं त्यांच्याकडचं पाणी लगेच स्थिर व्हायचं. आज ते भराभर वर-खाली, वर-खाली होत होतं. छातीशी नळी धरलेल्या माणसाचा श्वास चढला की होतं तसं. म्हाताऱ्याला उतार उतरून धाप लागलेली दिसते, तौफिकनं मनाशी म्हटलं.

"पाणी?" त्यानं विचारलं.

त्याच्या मागं कुठंतरी ब्रेक लागल्याचा लांबलचक आवाज आला. त्यानं मान वळवून पाहिलं. एक दूधवाला रिकामे कॅन घेऊन सावकाश चालला होता. बाकी रस्ता मोकळा होता.

तेवढ्यात खालून आवाज आला, "हाय."

नेहमीपेक्षा थोडा लांब. हातातल्या नळीत पाणी चढलं, चांगलं चार बोटं चढलं, आणि थांबलं.

"बस, झालं," तौफिक म्हणाला आणि त्यानं रेघ मारली.

मग दिवस नेहमीसारखा गेला. मुरूम पसरला, पाणी मारलं, रोलर फिरला. सोपानराव मध्येच रस्त्याच्या बाजूनं आले आणि रोलरवाल्यावर ओरडायला लागले. दुपारनंतर प्राजक्ता मॅडम येऊन गेल्या. त्यांना त्या दिवशी आणखी बरीच तोंडं बघायची होती. त्यांनी जमिनीवरून चालून पाहिलं, फोटो घेतले, छान झालंय म्हणाल्या. आणि खरंच, नजरेला ती जमीन अगदी सारखी दिसत होती.

३

काम आटपल्यावर दोघं रस्त्यापलीकडं भिमाबाईच्या टपरीवर चहाला बसले. भिमाबाई ही जवळच्याच वस्तीवरची, तोंडानं फटकळ आणि हातानं उदार. तिनं तौफिकपुढं ग्लास ठेवला आणि सोपानरावांना म्हणाली, की सकाळी अर्धं पातेलं चहा तुमीच संपवलात, आता पुन्हा कशाला आलात?

तौफिकनं विचारलं, सकाळी कधी?

भिमाबाई म्हणाली, तुमी डिझेल भरायला गेलात तवा हे आले, ते मशीन सुरू झाल्याचा आवाज ऐकल्यावर उठले.

तौफिक हसला. सोपानराव मस्करी करण्यात पटाईत, आणि भिमाबाई त्यांना सामील होऊ शकत होती. पण सोपानराव हसत नव्हते. त्यांनी अगदी सरळ सांगितलं: खाली नळी खुणेला धरून खुंटीला तारेनं बांधली, आणि इकडं आलो. पाणी खुणेला होतंच, तौफिकनं येऊन नुसतं वाचायचं होतं. वाचलं असणार म्हणून तर मुरूम भरायला लागला.

"पण तुम्ही हाय म्हणालात," तौफिक म्हणाला.

"मी?" सोपानरावांनी ग्लास खाली ठेवला. "मी हितं व्हतो तौफिक. हिला इचार."

तौफिकनं आपला ग्लास उचलला. त्यानं डोक्यात हिशेब मांडला, जसा कुठलाही शहाणा माणूस मांडेल. झुडपात एखादा ट्रकवाला बसला असेल आणि काट्यानं बोचून ओरडला असेल. बाईकवरून जाणारं कुणी बोललं असेल. दिवसभर जेसीबीत बसून कान तर कधीचे गेलेत. पाणी हललं ते जड गाड्यांच्या हादऱ्यानं. एवढ्या कारणांतलं एक तरी खरं असणारच. फक्त तारेनं बांधलेल्या नळीत पाणी चार बोटं कसं चढलं, त्याला यातलं एकही कारण पुरेना.

त्या जागी पूर्वी काही झालंय का, असं त्यानं सहज विचारल्यासारखं केलं. सोपानराव म्हणाले, काय व्हणार, आमच्या बापाचा भुईमूग व्हता तिथं. भिमाबाई म्हणाली, इतकी वर्सं मी या कडेला बसलीय, त्या वळणावर कोंबडीसुदीक मेली न्हाई.

हे ऐकून तौफिकला बरं वाटलं. चहा संपवून तो उठला तेव्हा मात्र ते बरं वाटणं कुठं गेलं ते त्याला कळलं नाही.

४

पुढचे दोन दिवस ते दुसऱ्या तोंडांवर होते. सगळं नीट चाललं होतं. सोपानराव आता नळी सोडून हलत नसत, आणि "हाय" म्हणताना उगाचच मोठ्यानं म्हणत, म्हणजे ओळखीबद्दल शंका नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तौफिक घरी जेवायला बसला होता. साबिया पोळ्या करत होती. आरफा फोनवर काहीतरी बघत भात कालवत होती. त्याची आई गुलशनबी आतल्या खोलीत पलंगावरून उठायला गेली आणि तिचा दुखरा गुडघा मुडपला.

"हाय," आई म्हणाली.

घरात कुणी मान वर केली नाही. आईचा गुडघा दिवसातून दहा वेळा दुखायचा. पण तौफिकचा घास हातातच राहिला.

सोपानरावांचा 'हाय' तोडलेला असतो. विटेवर वीट ठेवल्यासारखा, आवाज झाला की संपला. आईचा 'हाय' शेवटी मोकळा सुटतो, श्वासातून बाहेर सांडत जातो. त्या सकाळी घाणेरीमागून आला होता तो दुसरा होता. तो सोपानरावांच्या बोलीतला नव्हताच. तो याच घरातला होता. कुणीतरी कळवळून ओरडलं होतं, आणि त्यानं ऐकून घेतलं की सगळं ठीक आहे. बस, झालं म्हणाला, रेघ मारली, आणि त्या रेघेवर जमीन उभी केली.

त्याला भीती वाटली. पण भीतीच्या मागोमाग त्याला कामाचं आठवलं, आणि हातात धरण्यासारखं तेवढंच होतं. नळी कुणी का धरलेली असेना, ओरडताना त्याचा हात वर गेला असणार. खाली नळी वर उचलली की वर पाणी चढतं. म्हणजे रेघ चुकली. म्हणजे तोंडापुढची जमीन चार बोटं उंच आहे.

हात धुऊन त्यानं प्राजक्ता मॅडमना फोन लावला. कुणी ओरडलं वगैरे सांगितलं नाही. खालची नळी हलली असावी, माप चुकल्याची शंका आहे, एवढंच सांगितलं. मॅडम चिडल्या नाहीत. उद्या सकाळी पहिलं तेच तपासा, म्हणाल्या, आणि चुकलं असेल तर सरळ उकरा, ठेकेदाराशी मी बोलेन. आणि तौफिकभाई, रस्त्याच्या कडेला शंकू मांडल्याशिवाय कामाला हात लावू नका.

मग तो आरफाकडं वळला. उद्या सुट्टी टाक, म्हणाला. आरफा हसली. अजून कायम झालेलं नाही अब्बा, आत्ताच सुट्ट्या टाकल्या तर ते घरीच बसवतील, असं तिचं म्हणणं. आणि सुट्टी कशासाठी, हेही तिनं विचारलं. निदान बसमध्ये उजवीकडं बस, तौफिक म्हणाला. तिनं आजीकडं बघून डोळे फिरवले आणि बरं म्हणाली. उद्या सकाळी मोरीपाशीच काम आहे का, असं तिनं नंतर विचारलं. तो हो म्हणाला.

५

सकाळी दव पडलेलं होतं. त्यांनी रस्त्याच्या कडेला नारंगी शंकू मांडले. सोपानरावांना तौफिकनं वाटेतच सगळं सांगितलं होतं, दोन्ही 'हाय' सुद्धा. त्यांनी थट्टा केली नाही. मीच नळी सोडून जायला नको होतं, एवढंच ते म्हणाले.

"आज तू खाली जा," मग ते म्हणाले. "उतार निसरडा झालाय. माझं पाय न्हाई ठरायचं."

इतक्या महिन्यांत तौफिक नळी धरायला कधी खाली गेला नव्हता. घाणेरीतून वाट काढत तो खुंटीपाशी पोचला. तिथं काहीच नव्हतं. सोपानरावांनी बांधलेली तार तशीच खुंटीला होती आणि आजूबाजूची ओली माती कुणी तुडवलेली नव्हती. त्यानं नळी धरली, पाणी खुणेला आणलं, आणि वरून सोपानरावांनी विचारल्यावर "आहे" म्हणाला. 'हाय' म्हणायचं त्यानं मुद्दाम टाळलं.

मग सोपानरावांचा आवाज आला.

"चार बोटं खाली हाय रे पाणी. तुझी रेघ वर हाय."

तौफिकला हायसं वाटलं, यात नवल नाही. चूक सापडली की ती दुरुस्त होते. उंचवटा उकरून काढायचा, नवी रेघ मारायची, दुपारपर्यंत जमीन सारखी. आपण वेळेत आलो, असं त्याला वाटलं.

सोपानराव वरून म्हणाले, की वरचं टोक तारेनं अडकवलंय, कुठल्याशा गाडीनं दोन शंकू आडवे केलेत, ते लावतो आणि पलीकडून रोलरवाल्याला बोलावून आणतो. मी येईपर्यंत तू नळी धरून राहा, हलू नको. त्यांची पावलं डांबरावरून लांब गेली. पलीकडून भिमाबाईचा आणि त्यांचा आवाज आला, कशावरून तरी वाद घालत.

तौफिक उकिडवा बसून राहिला. नळी त्यानं खुंटीला टेकवली होती. पाणी स्थिर होतं, अगदी काचेत गोठवल्यासारखं. वर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. जनरल शिफ्टच्या बसची वेळ झालीच होती.

मग पाणी हललं.

वरचं टोक कुणीतरी तारेतून काढून हातात घेतलं होतं. सोपानराव आले, असं त्याच्या मनात आलं. पण पलीकडून सोपानरावांचा आवाज अजून येत होता. भिमाबाई हसत होती.

"पाणी?" वरून कुणीतरी विचारलं.

आवाज ओळखीचा होता. फोनवर आपलंच बोलणं नोंदवून ऐकलं की जो आवाज परका वाटतो, तसा ओळखीचा. तौफिक उभा राहिला. नळी त्यानं छातीशी धरली होती. श्वास चढला होता, आणि नळीतलं पाणी भराभर वर-खाली होत होतं. घाणेरीच्या दोन फांद्यांमधून त्याला वरची खुंटी दिसली. खुंटीशी एक माणूस पाठमोरा वाकला होता. अंगात नारंगी जाकीट. उजव्या खांद्यावर हिरव्या दोऱ्याची शिवण.

तौफिकचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडं गेला. दोरा तिथंच होता.

त्याच वेळी रस्त्यावर ब्रेक लागला, लांबलचक. शंकू बघून एक कंटेनर मध्येच थांबला होता. त्याच्या मागची पांढरी बस त्याला चुकवायला डावीकडं वळली, कडेवर आली, आणि तिची पुढची चाकं मुरुमावर चढली. वाकलेल्या माणसानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. बस त्याला दिसतच नव्हती. रिकाम्या रस्त्याकडं बघावं तसं त्यानं बघितलं आणि मान परत नळीकडं वळवली.

बसचं नाक वर उचललं गेलं. डाव्या बाजूच्या खिडक्या घाणेरीच्या वर आल्या. तिसऱ्या खिडकीत आरफा होती. आज अब्बा खाली मोरीपाशी दिसणार म्हणून ती डावीकडंच बसली होती, आणि तिचा हात अजून हलत होता.

"हाय," तौफिकच्या तोंडून निघालं, लांब, श्वासातून सांडत. नळी धरलेला हात वर गेला. चार बोटं.

"बस, झालं," वरचा माणूस म्हणाला, आणि त्यानं रेघ मारली.